एका किकीचा कौतिक मिस्त्री

पाचोऱ्यात भडगाव रोडवर कुणालाही विचारा, कौतिक मिस्त्रीचं गॅरेज कोणतं? माणूस हात दाखवायच्या आधी हसेल. कारण कौतिकची तऱ्हाच तशी. बंद गाडी ढकलत आणली की हा बाबा गिऱ्हाइकाला एक अक्षर विचारायचा नाही. आधी टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल बघायचा, झाकण लावायचा, मान तिरकी करून एक किक मारायचा आणि निकाल द्यायचा. "प्लग." नाहीतर, "कार्बोरेटरमध्ये कचरा." नाहीतर, "कॉइल गेली. दोन तास लागतील, चहा पिऊन या." आणि दहातून नऊ वेळा ते खरं निघायचं हो! उगाच का माणसाला पस्तीस वर्षं 'एका किकीचा मिस्त्री' म्हणतात?

"गिऱ्हाइकाला विचारून रोग सांगणारा मिस्त्री कसला?" असं तो छाती काढून म्हणायचा. "मंग डॉक्टरने पेशंटलाच विचारायचं का, तुला काय झालंय?" आता सगळेच डॉक्टर तेच विचारतात. पण हे त्याला सांगणार कोण?

दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, प्रशीलने गॅरेज टाकलं आणि कौतिकच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबायचं नाव घेईना. प्रशील चाळिशीतला. नरडाण्याच्या एमआयडीसीत बारा वर्षं कारखान्यातली मशिनं दुरुस्त करायचा. वडील अंथरुणाला खिळले म्हणून गावी परत आला. माणूस मवाळ, बोलणं हळू, आणि सवय एकच: गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवायचं आणि विचारत सुटायचं. गाडी सकाळी चालू होत नाही की तापल्यावर? किती चालल्यावर बंद पडते? बंद पडल्यावर तुम्ही काय करता? पावसात भिजली होती का? विचारायचा आणि वहीत लिहून घ्यायचा.

"लिव्ह, लिव्ह," कौतिक इकडून पुटपुटायचा. "मास्तर झाला असता तर बरं झालं असतं."

पण लोक जायला लागले. मुकाट्याने, मान खाली घालून, पण जायला लागले. कौतिकने मग एक युक्ती केली. रस्त्याकडे पाठ करून बसायचं, म्हणजे आपल्याला काही पडलेलं नाही असं दिसतं. आणि दाराच्या चौकटीला एका जुन्या स्कूटरचा आरसा खिळ्याने ठोकायचा, म्हणजे समोरचं सगळं दिसतं. दिवसभर हातात पाना आणि डोळा आरशात. पुष्पाबाई, त्याची बायको, दुपारी डबा घेऊन आली की तो घास गिळायच्या आधी सांगायचा, "आज समोर अकरा." ती म्हणायची, "तुमच्याकडं किती?" मग तो पाणी पिऊन विषय बदलायचा.

सगळी गिऱ्हाइकं गेली तरी एक जाणार नाही, अशी त्याची खात्री होती. आधार आबा. दहा किलोमीटरवरच्या खेड्यातले, पंचाहत्तरीचे. त्यांची शहाण्णव सालची शंभर सीसीची गाडी नवी आली त्या आठवड्यापासून कौतिकच्याच हाताखालची. दुसऱ्या कुणी तिला पानासुद्धा लावला नव्हता. आबा सांगतात ते सगळं गाव ऐकतं. आबा रस्ता ओलांडून पलीकडे गेले तर दुसऱ्या दिवशी भडगाव रोडवर कळणार होतं की कौतिक मिस्त्री संपला. हे कौतिकला पक्कं ठाऊक होतं आणि रात्री त्याची झोप त्यानेच उडायची.

दसरा आला. आता दसऱ्याला गाडीची पूजा मिस्त्रीच्या दारात, ही आमच्याकडची रीत. गाडी धुवायची, हार घालायचा, नारळ फोडायचा, हळदकुंकू लावायचं. प्रशीलचं गॅरेज त्या दिवशी बंद. तो दरवर्षी आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. तेव्हा मैदान मोकळं! दोन वर्षांत पलीकडे गेलेली माणसंसुद्धा पूजेला कौतिककडे आली. कौतिकचा आनंद गगनात मावेना. पण जळकुट्या माणसाचा आनंद असा सरळ राहतो होय? त्याच्या डोक्यात आलं, साधं कुंकू दोन दिवसांत उडून जाईल. गाडी परत समोरच्याकडे गेली की त्याला दिसायला पाहिजे, पूजा कुणाच्या दारात झालीये ते!

मग त्याने मारुतीला लावतात तसा शेंदूर तेलात कालवला. घट्ट. आणि अंगठ्याने गाड्यांच्या टाकीवर, नेमका झाकणावर, थापला. नऊ-दहा गाड्यांना लावला असेल. आबांच्या गाडीला तर मायेने दोन बोटं जास्त. चावीच्या भोकाभोवती, कडेच्या खाचेत, सगळीकडे. झाकण असं लालभडक दिसत होतं की आबासुद्धा म्हणाले, "वा रे भो!"

आणि तिथून पंधरा दिवसांत आबांची गाडी बंद पडायला लागली.

घरून निघताना एका किकीत चालू. आठ-नऊ किलोमीटर नीट. मग आचके द्यायची आणि बंद. आबा एकदा आले, कौतिकने झाकण उघडून पेट्रोल बघितलं, किक मारली. गाडी चालू! "प्लग," कौतिक म्हणाला आणि प्लग बदलला. आठ दिवसांनी आबा परत. झाकण, पेट्रोल, किक, चालू. "कार्बोरेटर." उघडून, जेट फुंकून, लख्ख करून दिला. पुढच्या आठवड्यात आबा परत. कौतिकने कॉइल बदलली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "आबा, आता बंद पडली तर मले सांगा."

पडली. आणि तीही नेमकी बायकोला, द्रौपदाबाईला घेऊन आबा स्टेशनला निघाले तेव्हा. जळगावला भाचीचा साखरपुडा होता. घाईत आबांनी टाकीत बघितलंही नाही, नुसत्या किका मारत राहिले; रेल्वेगाडी निघून गेली आणि म्हातारी सगळ्यांच्या देखत नवं लुगडं सावरत दोन किलोमीटर चालली. घरी आल्यावर तिने आबांना काय सुनावलं ते आबांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त पुढच्या बाजाराच्या दिवशी ते गाडी ढकलत भडगाव रोडवर आले तेव्हा कौतिककडे वळले नाहीत. रस्त्याच्या मधोमध क्षणभर थांबले, आणि डावीकडे, प्रशीलकडे गेले.

कौतिकने ते आरशात पाहिलं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हातातला पाना खाली पडला तो उचललासुद्धा नाही. जावं आणि त्या प्रशीलची कॉलर धरावी असं वाटलं. आबांवरही राग आला. एकोणतीस वर्षं! मी काय कमी केलं? मग लगेच मनात आलं, याला तरी कुठं जमणार आहे! आणि हात जोडून, अगदी मनापासून, त्याने देवाला विनवलं की समोरच्याला जमू नये. असा नवस मी तरी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही.

पलीकडे प्रशीलने आबांना स्टुलावर बसवलं आणि वही काढली. रस्ता अरुंद, दुपारची वेळ, आवाज इकडे स्पष्ट येत होता.

"आबा, कधी बंद पडते?"

"आठ-नऊ किलोमीटर चालस आनि बंद पडी जास."

"मग तुम्ही काय करता?"

"झाकण उघाडीसन पेट्रोल शे का नही ते देखस. परत लावस. किक मारी का चालू."

"आणि कौतिकभाऊंकडे आणता तेव्हा ते आधी काय करतात?"

आबा हसले. "तो बी पयले झाकणच उघाडस!"

प्रशीलने वही मिटली. "आज उघडलं होतं?"

"नही. बाजार जवळच व्हता, ढकलत लई उनू."

"मग आता हात लावू नका," प्रशील म्हणाला. त्याने किक मारली. एक, दोन, पाच. गाडी ढिम्म. मग त्याने कार्बोरेटरला जाणारा पेट्रोलचा पाइप काढून खाली बाटली धरली. चार थेंब पडले आणि धार थांबली. टाकी तर अर्धी भरलेली. इकडे कौतिक स्टुलावरून उठून दारात आला होता. पाठ करून बसायचं सोंग कधीच संपलं होतं.

प्रशीलने झाकण हळूच सैल केलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. तो आवाज रस्त्याच्या या बाजूला कौतिकच्या कानात शिरला, आणि बाटलीत पेट्रोलची धार पडायला लागली.

पस्तीस वर्षांचा मिस्त्री, त्याला पुढचं सांगायला नको होतं. झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली गेलं की तेवढीच हवा त्या भोकातून आत यावी लागते. भोक बुजलं की टाकी पेट्रोल सोडत नाही आणि गाडी तहानेने बंद पडते. झाकण उघडलं की हवा मिळते आणि ती शहाण्यासारखी चालू होते. म्हणजे तिन्ही वेळा गाडी चालू झाली ती कौतिकने पेट्रोल बघायला झाकण उघडलं तेवढ्यानेच. प्लग, कार्बोरेटर, कॉइल सगळं विनाकारण. आणि भोक कशाने बुजलं तेही त्याला कळलं. अंगठा अजून शेंदराने लाल असल्यासारखा त्याने तो पायजम्याला पुसला.

प्रशील सुईने झाकणाची खाच कोरत होता. तळहातावर वाळलेल्या शेंदराच्या लाल खपल्या पडत होत्या. त्याने एकदाच मान वर करून रस्त्यापलीकडे बघितलं. कौतिक तयारच होता. आता हा बोलेल, की बघा आबा, तुमच्या मिस्त्रीचं काम! मग मीही सोडणार नाही. देवाच्या शेंदराला नावं ठेवतो का म्हणून चार माणसं गोळा करीन. सगळी उत्तरं जिभेवर होती.

"काय व्हतं रे?" आबांनी विचारलं.

प्रशीलने खपल्या जमिनीवर झटकल्या. "कचरा होता, आबा. बसतो कधीकधी."

बस्स! एवढंच. कौतिकला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. माणूस भांडला असता तर परवडलं असतं. पण याने ते झाकून घेतलं, आणि कौतिकला त्याचाही हेवा वाटला. आपल्याला हे जमलं नसतं. समोरच्याची चूक हाती लागती तर आपण ती भडगाव रोडभर ओरडत सुटलो असतो, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. त्या क्षणी तो प्रशीलवर जेवढा जळला तेवढा दोन वर्षांत जळला नव्हता.

आणि त्याच जळफळाटात त्याने रस्ता ओलांडला. पहिल्यांदाच.

"आबा, कचरा नव्हता तो," तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "शेंदूर होता. मीच थापला होता झाकणावर. याला दिसावा म्हणून. भोक बुजलं. द्रौपदाआक्काले चालावं लागनं ते मन्हामुळे."

आबांनी प्रशीलकडे बघितलं. प्रशील पाइप बसवत होता, त्याने मान वर केली नाही. आबांनी झाकण हातात घेतलं, उन्हात धरून त्या भोकातून पलीकडे बघितलं, टाकीवर बसवलं. मग किक मारली. गाडी चालू झाली.

"कौतिक," आबा म्हणाले, "दसराले गाडी तुन्हाकडेच आणसू. पूजा तुन्हाच हातनी."

कौतिकच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले त्याचे. पण आबांचं बोलणं संपलं नव्हतं. ते प्रशीलकडे वळले आणि त्याच प्रेमाने म्हणाले, "आनि बाकीनं समदं काम तुन्हाकडे."

त्यांनी गिअर टाकला आणि ते गेले. रागावले असते तरी चाललं असतं.

दोघं मिस्त्री धुरात उभे राहिले. कौतिकने हात पुढे केला. "ती सुई दे."

प्रशीलने दिली. "मी येऊ का मदतीला?"

"नको," कौतिक म्हणाला. मग, दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेऊन, "नको, प्रशील."

दारात येऊन त्याने फोन काढला. शेंदूर लावलेल्या बाकीच्या गाड्या त्याला तोंडपाठ होत्या. पहिला रतिलाल, पीठगिरणीवाला. आणि आयुष्यात प्रथमच कौतिकने गिऱ्हाइकाला विचारलं, "रतिलालभाऊ, गाडी किती चालल्यावर बंद पडते?"

"आता नाही पडत," रतिलाल जरा चाचरत म्हणाला. "रागावू नका कौतिकभाऊ, आठ दिवसांपूर्वी प्रशीलकडे दाखवली. झाकणात कचरा होता म्हणे."

म्हणजे आठ दिवसांपासून प्रशीलला माहीत होतं. आठ दिवस तो समोर बसून गप्प होता. आरशात प्रशील वाकून दुसऱ्या कुणाची तरी गाडी बघत होता, आणि ते गिऱ्हाईक स्टुलावर बसून काहीतरी सांगत होतं. कौतिकने आरशावरून नजर काढली.

"कचरा नव्हता तो, रतिलालभाऊ," तो म्हणाला. पहिल्या वेळेइतकंच जड गेलं. "मी लावला होता."

त्याने फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला. अजून सात राहिले होते.