रिकाम्या डब्यांचा आवाज

गरिबांना मदत देणाऱ्या संस्थेतल्या पाहणीबाईंचा कान भलता तयार. गरजू घरात शिरलं की डबे उघडायला लावायचे नाहीत, माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बोलता बोलता सहज बोटाने डबा वाजवायचा. आत किती आहे ते आवाजच सांगतो. अकरा वर्षं नव्या मुलींना त्या हेच शिकवत आल्या. पगार मात्र अकरा वर्षांत जेमतेम हलला. घरमालकाने भाडं वाढवलं, द्या नाहीतर एक तारखेला खोली सोडा म्हणाला, तेव्हा त्यांनी भीत भीत पगारवाढीचा विषय काढला.

"बाई, आपण इथे सेवेसाठी आलोय ना?" संस्थेचे साहेब गोड हसले. सेवा करणाऱ्याला पोट नसतं, अशी या मंडळींची ठाम समजूत!

मुलींना शिकवायला बाईंनी एक नमुना अर्ज स्वतःच्याच घरावरून भरला होता. अर्जावर नाव नसतं, नुसता क्रमांक. तो चुकून खऱ्या गठ्ठ्यात गेला. बैठकीत तो वाचताना साहेबांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"एक खोली, म्हातारी सासू, डबे रिकामे. आधी इथे मदत द्या. बाई, उद्या फेरपाहणी करून या."

मदत मागितलेल्या पगारवाढीच्या दुप्पट होती. अर्ज आपलाच, हे बाईंनी ओळखलं. कर्मचाऱ्यांना मदत द्यायची नाही, असा नियम होता. तरी त्यांनी फाइल उचलली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फाइल घेऊन त्या स्वतःच्या दारात उभ्या राहिल्या. किल्ली पर्समध्ये होती, तरी हाताने कडीच वाजवली.

"कोण?" दार उघडत सासूबाईंनी विचारलं. त्यांना दिसायचं कमी.

"संस्थेतून आलेय." आवाज कामावरचा निघाला, मऊ आणि परका.

"या, बसा बाई. सून कामावर गेलीय."

अहो, मीच ती, असं म्हणायला जीभ रेटेना. बोट आपोआप डब्यावर गेलं. टण्ण. दुसऱ्यावर. टण्ण. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नव्हता, तरी तो वाजला, जणू घरच आपलं रिकामपण सांगत होतं. बाई भयंकर घाबरल्या.

"सून काय करते?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"गरिबांची घरं बघत फिरते." म्हातारी पुढे वाकली, आवाज खाली आणला. "तिला सांगू नका हं. ती आली की मी जेवले म्हणून सांगते."

बाईंनी अर्ज उघडला. शेवटचा प्रश्न होता, घरात कुणी उपाशी राहतं का? त्यापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: नाही.