ज्यांनी ज्यांनी शेअर केलं

माझा धाकटा भाऊ आंबेनळी घाटात मोटरसायकलवरून पडून गेला, त्याचा एक व्हिडिओ आहे. तो महाबळेश्वरला एका हॉटेलात कामाला होता आणि सुट्टीला घरी येत होता. मागून आलेल्या कुणीतरी गाडी थांबवली, फोन काढला आणि आधी शूटिंग केलं. भाऊ रस्त्याच्या कडेला पडलाय, आजूबाजूला चार-पाच माणसं उभी आहेत. शेवटी त्याचा हात हलतो, कुणीतरी म्हणतं, "हाय, हाय अजून," आणि व्हिडिओ संपतो. पोलादपूरला आणेपर्यंत तो गेला होता.

दिवसकार्य होईपर्यंत आम्हाला या व्हिडिओचा पत्ताच नव्हता. मी महाडला शाळेत शिकवते. परत रुजू झाले त्या दिवशी बरोबरच्या बाईंनी दबकत फोन पुढे केला. "तुमच्या भावाचंच ना हो हे?" मी उभ्या उभ्या बघितला. हो म्हटलं, फोन परत दिला आणि वर्गावर जाऊन हजेरी घेतली. मला रडू आलं नाही. आपल्याला रडू का येत नाही याचीसुद्धा तेव्हा काळजी वाटली नाही.

एकच गोष्ट डोक्यात होती. आईला हे दिसता कामा नये. आई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत राहते, शेरडं राखते. तिला आम्ही सांगितलं होतं की तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंच नाही. हे मीच सांगितलं होतं, तिचे दोन्ही हात धरून. व्हिडिओ वाडीत पोचला असता तर माझं खोटं उघडं पडलं असतं आणि तो हात तिला दिसला असता.

ज्या पेजवर तो टाकला होता त्याला मी हातापाया पडून मेसेज केले. त्याने वाचलेसुद्धा नाहीत. मग त्या बाईंनीच दाखवलं की खाली शेअरचा आकडा असतो, त्यावर बोट ठेवलं की कोणी कोणी शेअर केलं त्यांची नावं दिसतात. सगळी नाही, बरीचशी. झालं, मला काम मिळालं. मी खोट्या नावाने नवं खातं उघडलं, कारण शाळेतल्या बाई फेसबुकवर भांडतात हे गावभर व्हायला नको होतं. आणि मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून एकेकाला धरायला लागले.

काय काय उत्तरं आली! बिरवाडीत खोली घेऊन राहणारा एक कंपनीतला कामगार म्हणाला, "मॅडम, मी श्रद्धांजली म्हणून टाकला." एकाने हेल्मेट घाला, जीव वाचवा असं वर लिहिलं होतं, तो म्हणाला ही जनजागृती आहे. मी म्हटलं, झाली जागृती, आता काढ. मुंबईचा आमचा सख्खा चुलतभाऊ यादीत निघाला. त्याला मात्र मी स्वतःच्या नावाने फोन केला. "अगं ताई, सगळ्यांना कळायला नको का?" मी म्हटलं, "मेल्या, तू खांदा दिलास ना त्याला?" त्याने फोनवरच काढून टाकला. बहुतेक जण काढत होते, कुरकुरत का होईना. नाव गेलं की मी पुढच्या नावावर जायचे. राग होता, पण तो तोंडातच होता. आत काही हलत नव्हतं.

शेवटी एक बाई उरली. नाव ओळखीचं नाही, आडनाव महाडकडे घरटी सापडणारं. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. तिने तो व्हिडिओ अकरा वेळा शेअर केला होता. एकदा नाही, दोनदा नाही, अकरा वेळा, रोज एकदा. माझं टाळकंच फिरलं. मी लिहिलं, "लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाचा तमाशा मांडलाय. तुझा पोटचा पोरगा असा रस्त्यावर पडला असता तर अकरा वेळा दाखवला असतास का गं भवाने?" ते पाठवलं आणि कित्येक दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

रविवारी वाडीवर गेले. आई शेरडांना पाला टाकून आली, पदराला हात पुसले आणि कनवटीचा फोन काढून माझ्यापुढे धरला.

"बाय, हे वाच गो. कोन बाई हाय, लय रागावलीय माझ्यावर."

समोर माझंच वाक्य होतं. वर जास्वंदीचं फूल.

लग्नात आईचं नाव बदललं होतं, ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून, आपल्याकडे बदलतात तसं. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारं आता नात्याला कुणी उरलेलं नाही. मी ते नाव उभ्या जन्मात दोनदा ऐकलं असेल. भावाने ते तिच्याकडून काढून घेतलं होतं आणि त्याच नावाने खातं उघडून दिलं होतं, तिच्या लहानपणीच्या मैत्रिणी सापडतील म्हणून. मला दोघांनी कधी सांगितलं नाही.

"अकरा वेळा कशाला पाठवलास?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता.

"मी कुठं पाठवला? हितं बान हाय ना, तो दाबते. पुढं जाया. मग निळं बटन येतं, ते दाबते. गोल गोल फिरतं नि परत पयल्यापासून लागतं. पुढचं लागतच नाय."

"पुढचं काय?"

"हात हालवतो नि बंद पडतं. त्याच्या पुढं कुनी पानी दिलं का त्याला, तेवढंच बघायचं हुतं."

जागच्या जागी गेला म्हणालीस ना, असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होते तिने म्हणावं म्हणून. तिने फक्त फोन माझ्या हातात दिला आणि शेजारी बसली.

"मला लिवता येत नाय त्याच्यात. तू लिव तिला. लिव, पोरगा माझाच हाय. रागवू नको म्हनावं."

मी लिहिलं. तिने सांगितलं तसंच, अक्षरही न बदलता. तिने माझ्या खांद्यावरून एकेक शब्दावर बोट ठेवून वाचून घेतलं, मग मान हलवली, आणि मी पाठवलं.

आत खुंटीला टांगलेल्या पर्समध्ये माझा फोन वाजला.

"तुजा वाजला गो," आई म्हणाली.

"वाजू दे."

"असं कसं, कुनाचं काय असंल." ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि पर्स आणून माझ्या मांडीवर ठेवली.