कौल मिळाला नाही

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझ्या डाव्या मांडीत आपोआप रक्त साचलं. पडलो नव्हतो, मार लागला नव्हता. साठी उलटली होती. तोवर दाढी करताना कापलं तरी रक्त लगेच थांबायचं. मांडी सुजून दगडासारखी झाली, अंगात कणकण आली. महाडच्या डॉक्टरांना आत पू असावा असं वाटलं. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या ठीक आल्या. दुखणं थांबावं म्हणून त्यांनी दंडात इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीला चीर द्यायचं ठरवलं.

आमच्या कापडे गावात मोठं काम ग्रामदेवीचा कौल घेतल्याशिवाय करत नाहीत. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवीला मी रोज हात जोडतो, पण ऑपरेशनला कौल कशाला, असं मी वहिनीला म्हणालो. भाऊ गेल्यापासून घरात तिचाच शब्द चालतो.

"भावोजी, शिकलात म्हणून देवीपेक्षा शाने झालात काय? इचारल्याबिगर सुरी लावून घ्यायची नाय."

सकाळी पुतण्या देवळात गेला. बराच वेळ थांबूनही एकही पाकळी पडली नाही. गुरवाचा निरोप त्याने फोनवर सांगितला: "देवी अजून बोलत नाय. उद्या परत लावू."

वहिनीने मला संमतीच्या कागदावर सही करू दिली नाही. डॉक्टर वैतागले, उशीर केला तर पू पसरून जिवावर बेतेल, असं त्यांनी बजावलं. त्यांचं म्हणणं मला पटत होतं आणि वहिनीचा शब्द मोडताही येत नव्हता. पडल्या पडल्या देवीला एवढंच म्हटलं, मला काही कळत नाही, तूच बघ.

संध्याकाळी डॉक्टरांनी इंजेक्शनची जागा पाहिली. दंड कोपरापर्यंत काळानिळा पडला होता. रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे पाहणारी आणखी एक तपासणी त्यांनी करून घेतली. तो वेळ नेहमीपेक्षा दुपटीहून जास्त निघाला.

"चीर दिली असती, तर रक्त थांबवणं माझ्या हातात राहिलं नसतं," ते म्हणाले. त्यांनीच पुढे मुंबईला पाठवलं.

तिथे निरोगी माणसाच्या रक्तातला द्रव माझ्या रक्तातल्या द्रवात मिसळून पाहिला, तरी तो वेळेत गोठेना. रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाविरुद्ध माझ्याच शरीराने प्रतिद्रव्यं तयार केली होती. हा आजार जन्मापासूनचा नव्हता. तो का झाला, हे कोणाला सांगता आलं नाही. रक्तस्राव थांबवणारी औषधं शिरेतून दिली. प्रतिद्रव्यं दाबणाऱ्या गोळ्या काही महिने चालल्या. साचलेलं रक्त हळूहळू जिरलं. मांडीला चीर द्यावी लागली नाही.

होळीच्या आधी आठव्या घटकाचं प्रमाण सामान्य आलं. आजार उलटू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्याच आठवड्यात वहिनीबरोबर देवळात गेलो, नारळ ठेवला, हात जोडले. पुढचं विचारायचं का, असं गुरवाने विचारलं. मी नको म्हणालो.