राहीबाईच्या वाट्याच्या अक्षता

दिघाशीत भावकीत कुणाचंही लग्न निघालं, की परगावचे पाहुणे उतरायचे राहीबाईकडे. गोदामांना जमीन गेली, त्या पैशातून दोन माळ्यांचं घर झालं. पुढे नवरा वारला, मुलगा काल्हेरला फ्लॅटमध्ये गेला, आणि एवढ्या खोल्यांत ती एकटीच उरली. मग काय, भावकीला आयतीच धर्मशाळा! "काकीकडं गाद्या हायेत," एवढं म्हटलं की झालं. आणि गंमत बघा, वीस वर्षांत इतकी लग्नं तिच्या घरावरून गेली, पण अक्षता पडताना बाईनं एकही पाहिलं नव्हतं. कुणाच्या पिशव्या राखायच्या, कुणाची आंघोळ राहिलेली.

मनालीचं लग्न मात्र तिला बघायचंच होतं. धाकट्या दिराची ही आईविना पोर दोन वर्षांची असल्यापासून तिच्याच कुशीत वाढलेली. "काकी, अंतरपाट धरला की तू माझ्यासमोर पायजेस," असं तिनं हळदीलाच बजावलं होतं.

तरीही उरणचे बावीस पाहुणे राहीबाईच्याच माथी. मुहूर्त बाराचा. एकाला बिनसाखरेचा चहा, एकीला कढतच पाणी, आणि तुळशीराम नावाचे मावसे तर सदऱ्याला इस्त्री होईस्तोवर हलेनात. टाकी रिकामी झाली तेव्हा राहीबाईचीच आंघोळ राहिली होती. शेजारून दोन बादल्या आणून तिनं ती उरकली, नवं लुगडं नेसून बाहेर आली, तर अंगण मोकळं! पहिल्या गाडीला वाटलं काकी दुसरीत असेल, दुसरीला वाटलं तिसरीत. घरधनिणीलाच विसरले शहाणे!

तिनं फोन लावले. लग्नाचा हॉल गावाबाहेर लांब, तिथल्या बँजोच्या दणदणाटापुढे कुणाला ऐकू जाणार? ती पायरीवर बसली. रडायचंही बळ नव्हतं. कंबर ठणकत होती. साडेबारा झाले.

मग पुतण्या कुणाल मोटारसायकलवरून आला. तिच्यासाठी नव्हे हो, तुळशीरामांचा चष्मा राहिला होता म्हणून.

"काकी, तू हिथंच?"

"मंग काय! तुझ्या मावशाच्या चष्म्याची राखण करतेय."

दोघं हॉलवर पोचली तेव्हा पंगती बसल्या होत्या. स्टेजवर मनाली एक मूठ घट्ट आवळून उभी होती. राहीबाई समोर आल्यावर तिनं ती उघडली. आत घामानं भिजलेल्या अक्षता.

"अंगावर पडल्या त्यातल्या ठेवल्या. तुझ्या वाट्याच्या हायेत. टाक, त्याबिगर मी जेवणार न्हाय."

राहीबाईनं त्या तिच्या डोक्यावर टाकल्या आणि ती ढसाढसा रडली.

तेवढ्यात चष्मा पुसत तुळशीराम आले. "राहीबाई, घराची चावी देता? जरा आडवा होतो."

तिनं डोळे पुसले. चावी कंबरेला खोचली.

"न्हाय. आधी मी पोरीसंगं जेवणार, मग तिची पाठवणी बघणार. तवर बसा खुर्चीत."