आभारवाले तात्या

आमच्याकडे कार्यक्रमात "आता आभार" एवढं ऐकलं की लोक चपला शोधायला उठतात. पाहुणे गाडीत बसलेले असतात, मुलं सतरंजीवरून पळत असतात, बायका पंगतीकडे निघालेल्या असतात. नेमक्या त्या वेळी तात्या माईकपाशी येत. अंगात नेहरू शर्ट, खांद्यावर सुतळीचा तोडा. एका हातानं माईकची दांडी धरून ते रिकाम्या होत चाललेल्या मंडपाकडे बघत आणि आपल्याला कसलीच घाई नसल्यासारखे सावकाश आभार मानायला लागत.

मंडप त्यांचाच असे आणि माईकही त्यांचाच. बारामतीजवळच्या पिंपळीत त्यांचा मंडप-स्पीकरचा धंदा होता. "सगळी गेल्यावर मंडप सोडायला मी मागं ऱ्हातोच की. मग आभार बी मीच मानतो. दुसऱ्याचा कशाला खोळंबा?" असं ते म्हणत. बारामती आणि इंदापूर तालुक्यात त्यांचं खरं नाव थोड्यांनाच माहीत असेल. बाकी सगळ्यांचे ते आभारवाले तात्या.

मी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती, वडिलांनी ती मोडून शेती धरली, आणि कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. बारामतीला नाव घातलं तेव्हा राहायचं कुठं हे कुणालाच सुचेना. वडिलांची आणि तात्यांची एका लग्नातली ओळख होती. तात्या म्हणाले, "पोराला माझ्या गोदामात ऱ्हाऊ द्या. बांबूंना तरी सोबत हुईल." तेव्हापासून मी कनातींच्या गठ्ठ्यांमध्ये अंथरूण टाकून राहू लागलो आणि जेवायला त्यांच्या घरी जाऊ लागलो.

तात्या आभार मानत ते मी पुढं कॉलेजच्या कार्यक्रमांत ऐकले त्यापेक्षा फार वेगळे असत. व्यासपीठावरची मोठी माणसं ते एका वाक्यात उरकत. मग खरी सुरुवात होई. आमटीचं भांडं ढवळणारी कोण, ज्याच्या रानात मंडप टाकला तो कोण, बैल दुसरीकडं बांधायला कोणी जागा दिली, फेज जाऊ नये म्हणून कोणता वायरमन डीपीपाशी बसून राहिला, हे सगळं ते नावानिशी सांगत. आपलं नाव कर्ण्यातून आल्यावर भांडी घासणारी बाई हात तसाच राखेत ठेवून थांबलेली मी पाहिली आहे. एकदा एका संस्थेच्या अध्यक्षांना राग आला. आमचं नाव का नाही घेतलं, म्हणाले. तात्या म्हणाले, "सायेब, तुमचं नाव स्वागतात झालं, सत्कारात झालं, भाषणात तुमी सवता घेतलं. ह्या बाईचं कुठं आलंय?" त्या संस्थेचं काम नंतर दुसऱ्या मंडपवाल्याकडं गेलं. तात्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

काकू, म्हणजे तात्यांची बायको, या कार्यक्रमांना कधीच येत नसत. त्या घरी झालरी धूत, फाटलेल्या कनाती शिवत. कुठल्या लग्नात काय वाढलं होतं हे त्यांना कापडावरच्या डागांवरून कळे, लग्न मात्र पाहिलेलं नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मंडपवाल्याच्या बायकूला कोण आवतान देतंय? मंडप गेला म्हंजी आमी गेलोच की."

मला चारचौघांत बोलता येत नसे. अजूनही नीट येत नाही. वर्गात हजेरीला "येस सर" म्हणतानासुद्धा माझा घसा कोरडा पडे. तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी गोदामात एक माईक उभा केला, त्याची वायर काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आधी बंद माईकवर बोलायला शीक. बंद माईक कुणाला चुगली करत न्हाय." मी काय बोलू विचारलं. "आज कुणी कुणी तुझ्यासाठी काय केलं त्ये सांग. सोपं हाय. एस.टी.चा ड्रायव्हर थांबला आसंल, कुणी पाणी दिलं आसंल." मी रोज संध्याकाळी त्या मुक्या माईकसमोर उभा राहून पुटपुटत असे. दारातून तात्या म्हणत, "तोंडावर बोलता येत न्हाय त्ये माईकवर येतंय. माझं बी तसंच हाय."

मी दुसऱ्या वर्षाला गेलो त्या सुमारास बारामतीत आणि भिगवण रस्त्याला मंगल कार्यालयं उभी राहू लागली. फरशी, पंखे, नवरीची वेगळी खोली, स्पीकर भिंतीतच बसवलेला. लग्नं तिकडं गेली. शाळांची गॅदरिंगंही हॉलमध्ये व्हायला लागली. तात्यांकडं उरले ते फक्त दहावे. नदीकाठी दशक्रिया असली की मंडप लागतो, श्रद्धांजलीच्या भाषणांना माईक लागतो, आणि ते काम कार्यालयात होत नाही. पण दहाव्याला आभार मानायचे नसतात. तिथं कुणी "या" म्हणत नाही की जाताना "येतो" म्हणत नाही. तात्या भाषणं संपली की गप्प वायर गुंडाळत. "तितं आभार मानलं तर मरणाचंच आभार मानल्यागत हुतंय," ते म्हणत. सगळा हंगाम असाच गेला. मंडप लागत होता, माईक लागत होता आणि तात्यांना बोलायला जागा नव्हती.

एका सकाळी चहा पिताना त्यांच्या तोंडून गेलं, "आता माणसं मेली तरच आपली चूल पेटती." म्हणाले आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर चापट मारली. काकूंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

पुढं आवाज बसायला लागला तेव्हा तात्यांनी तो मशीनचा दोष धरला. आता आठवलं की मला कसंतरी होतं, पण खरंच तसं झालं. कर्ण्यातून आवाज फाटका येतोय म्हणून आम्ही अॅम्प्लिफायर सायकलला बांधून बारामतीला दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितला, पुसला, परत दिला. तरी आवाज फाटकाच. मग माईक बदलला. मग पुन्हा मशीन नेलं. तो माणूस शेवटी म्हणाला, "तात्या, मशीनला काय झालं न्हाय." तात्यांनी माईक माझ्या हातात दिला. मग मला म्हणाले, "तू बोल रं." मी माईकमध्ये "हॅलो" म्हणालो. आवाज स्वच्छ आला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल, लवकर काढलं तर माणूस वाचेल. तात्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "आन् बोलणं?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. परतीच्या एस.टी.त जेजुरी मागं पडली. मोरगावच्या अलीकडं तात्या म्हणाले, "करायचं न्हाय."

"मुकं तर मुकं," काकू म्हणाल्या. "घरात माणूस हाय म्हणायला तरी ऱ्हावा."

"मुक्यानं जगून करू काय? बांबू व्हऊन उभा ऱ्हाऊ?"

"ऱ्हावा की. बांबूवरच मंडप उभा ऱ्हातोय."

तात्यांना पक्कं वाटत होतं की हे सगळं चहा पिताना तोंडून गेलेल्या त्या एका वाक्यामुळं आलं आहे. "जिभंनं पाप केलं, जिभंला लागलं," ते मला म्हणाले. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, असं मी सांगितलं, पण माझ्या सांगण्यात जोर नव्हता. दिवस जात राहिले. काकू रात्रीच्या जाग्या असत, सकाळी डोळे सुजलेले असत. भाकरी खाताना तात्या घास गिळेपर्यंत आम्ही दोघंही श्वास धरून बसत असू. डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलं होतं. ते मला कळत होतं आणि तात्यांसमोर गेलो की तोंड उघडत नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी मी गोदामात गेलो. तात्या बाहेर बांबूंच्या ढिगावर बसले होते. मी माईकची वायर जोडली आणि मशीन चालू केलं. मला वाटलं होतं आतला लहान बॉक्सच लावलेला आहे. पत्र्यावरचा कर्णा जोडलेला आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"हॅलो," मी म्हणालो. "तात्या, मी बोलतोय. ऑपरेशन करून घ्या. तुमचा आवाज नसला तर आमचं चालेल. तुम्ही नसला तर चालणार नाही. काकू झोपत नाहीत. मी पण झोपत नाही. एवढंच." मग काय बोलायचं ते सुचेना, म्हणून सवयीनं म्हणालो, "धन्यवाद."

तात्या दारात येऊन उभे राहिले. "कर्णा चालू हाय, येड्या," ते म्हणाले. तोवर वाडीतली माणसं अंगणात जमली होती. शेजारचे आबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "व्हय तात्या, पोरगं बरुबर बोलतंय. जा की बाबा. आमचं आभार ऱ्हाऊ द्या, तुमी ऱ्हावा."

तात्यांनी आत येऊन मशीन बंद केलं. मग म्हणाले, "गावात पुकारलेलं माघारी घेता येत न्हाय."

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना ढकलगाडीवरून नेत होते. काकू बाजूनं चालत होत्या. दारापाशी तात्यांनी काकूंना हातानं थांबवलं. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, आणि मी जरा मागं सरलो. तरी ऐकू आलंच. "निघताना पाण्याच्या मोटारीची कळ बंद केली व्हती का?" काकू म्हणाल्या, "केली." दार बंद झालं. तात्यांचा तो शेवटचा आवाज.

बाहेर बाकावर काकू मला म्हणाल्या, "आख्ख्या दोन तालुक्यांचं आभार मानलं ह्या माणसानं. भांडीवालीचं मानलं, वायरमनचं मानलं. आन् मला काय, तर मोटार." त्या हसल्या. मग पदर तोंडाशी धरून दार उघडेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

गळ्यावर उपरणं बांधून तात्या परत कामाला लागले. आणि पुढच्या वर्षी एका वाडीत शाळेच्या खोलीचं उद्घाटन होतं, तिथं मी पाहिलं ते असं. भाषणं संपली, लोक उठले. तात्या माईकपाशी गेले, कोपऱ्यात पाण्याची घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईकडं त्यांनी नीट बघितलं आणि माईकवर बोट वाजवलं. वरच्या कर्ण्यातून टक् असा आवाज आला. मग गवंड्याकडं बघितलं, टक्. मग सतरंज्या आणणाऱ्या शिपायाकडं. लोकांना आधी वाटलं मशीन बिघडलंय. मग एकेकाला कळत गेलं. काही जण पुन्हा खाली बसले. बाकीचे गेले, ते नेहमीच जात. घरी येऊन मी काकूंना हे सांगितलं. त्या कनातीत सुई घालत ऐकत होत्या. "मग बरं हाय," म्हणाल्या.

गाठ परत आली. उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. हा उशीर कधीचा, हे मी त्यांना विचारलं नाही. आम्ही मशीन सायकलला बांधून बारामतीला नेत होतो, तेव्हाचाच तो असणार. शेवटचे दिवस फार वाईट गेले. दुखणं असह्य झालं की तात्या कॉटच्या लोखंडी कडेवर मूठ आपटत. आम्हाला काही करता येत नसे. मी परीक्षेचं पुस्तक उघडून बसे आणि एकच ओळ वाचत राही.

दहावा कऱ्हा नदीच्या काठी झाला. मंडप तात्यांचाच, काकूंनी शिवलेला, ऊन लागून विटलेला. बांबू मीच रोवले. काकू बायकांत पुढं बसल्या होत्या. आपला मंडप उभा आहे आणि माईक चालू आहे, असं त्या पहिल्यांदाच बघत असाव्यात. बरीच भाषणं झाली. तात्यांचं नाव पुष्कळ घेतलं गेलं, आणि ते खरं नाव असल्यामुळं काहींना कोणाबद्दल चाललंय ते कळेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, त्या कॉलेजच्या पोराला बोलू द्या.

मी माईकपाशी गेलो. लोक उठायला लागले होते. या वेळी काय बोलायचं ते मला माहीत होतं. मी सुरुवात केली, "तात्यांच्या वतीनं मी आभार..." तेवढ्यात शेजारच्या आबांनी माझा शर्ट ओढला. "दहाव्याला आभार मानत न्हाईत, लेकरा," ते हळूच म्हणाले. ते खरं होतं. तात्याही मानत नसत.

मी काकूंकडं नीट बघितलं आणि माईकवर बोट वाजवलं.

टक्.

काकूंनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी मान वर करून बांबूवरच्या कर्ण्याकडं बघितलं, पदर सारखा केला, आणि घरातून कुणी हाक मारल्यावर द्यावी तशी हलकेच ओ दिली.