कारणाची ओळ

"घाई न्हाई, अक्का. जिथं अडाल तिथं थांबा." असं म्हणून जमादार पेन कानामागे खोचायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे.

आमच्या गावच्या पोलीस चौकीत मी झाडलोट करते, पाणी भरते. माझी शाळा चौथीपर्यंत. जमादारांची रीत अशी, की कुणाचा जबाब लिहून झाला की ते स्वतः वाचून दाखवत नसत. ज्याचा त्याला वाचायला देत. त्याला येत नसलं तर मला हाक मारत. मी पदर ओठांवर धरून एकेक अक्षर लावत वाचायची. मला अडलेला शब्द ते खोडून सोपा लिहीत. "चौथीवालीला कळंना, ते रडणाऱ्या माणसाला काय कळंल?"

चौकीतला शिपाई चिडवायचा, "जमादार, चौकी हाय का बालवाडी?"

"बालवाडीच हाय. तू बी बस पाटी घेऊन."

कुणी आपल्या हातानं जीव दिलेला असला, तर मात्र त्यांचा हात फार हळू चाले. अशा कागदावर कारणाची एक ओळ असते. तिथं सगळे लिहितात, 'जीवनाला कंटाळून'. हे तसं लिहीत नसत. एका दुपारी दारातून कडुलिंबाची फुलं आत उडत येत होती, चौकीत कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"नवीन नोकरीत मी बी तेच लिहायचो. एका पोरीचा बाप कागद घेऊन आला. म्हणला, साहेब, आदल्या दिवशी तिनं दारात मोगरा लावला. ती कंटाळली होती हे तुमाला कुणी सांगितलं?" उडत आलेली फुलं त्यांनी कागदावरून झटकली. "तवापासनं ते शब्द मी लिहीत न्हाई, अक्का."

पुढं माझा धाकटा भाऊ तसाच गेला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचा तो. तो दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो. चौकीतला पंखा फिरतोय, वारं लागत नाही. लोकांची तोंडं हलताहेत, आवाज लांबून येतोय. भिंतीला टेकून त्याची बायको, माझी वहिनी, बसली होती. माझे चुलते खुर्चीवर.

"अक्का, काय सांगायचंय?" जमादारांनी विचारलं.

मी जन्मात मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "हिच्यामुळं गेला. हिनंच त्रास दिला त्याला."

"लिहा जमादार," चुलते म्हणाले. "हिला आजच माहेरी धाडतो."

वहिनी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली.

जमादारांनी मी म्हणाले तसंच लिहिलं, एक शब्दही न बदलता. मग कागद फिरवून माझ्यापुढं सरकवला. "वाचा."

नाव वाचलं, गाव वाचलं, वय वाचलं. 'हिच्यामुळं गेला. हिनंच' इथवर आले आणि पुढचं वाचवेना. अक्षर सोपंच होतं. वहिनी माझ्याकडं बघत होती.

"अडलं का?"

"हां."

"तुमच्या डोळ्यांपुढं काय झालं असंल तर सांगा. ते तसंच ठेवतो, चौकशी बी करतो. पण काय बघितलं तुमी?"

मी आठवू लागले. आठवली ती वहिनीच, भरलं ताट घेऊन त्याच्यामागं हिंडणारी. "दोन महिने तो झोपत नव्हता," मी म्हणाले. "बोलत नव्हता. ही त्याला बीडला डॉक्टरकडं चला म्हणायची. मीच म्हणायचे, काय झालंय त्याला, कशाला न्हेतीस."

"आता गं काय हे?" चुलते म्हणाले.

"काका, जरा दमानं. त्या सांगत्यात."

त्यांनी नवा कागद घेतला. 'माझा भाऊ दोन महिन्यांपासून झोपत नव्हता. त्याची पत्नी त्याला दवाखान्यात चला म्हणत होती. तो का गेला हे आम्हाला नक्की माहीत नाही. कोणाबद्दल तक्रार नाही.' मी सगळं वाचलं. सही केली.

"माझं बी लिहा," मी म्हणाले. "मी त्याला दवाखान्यात जाऊ दिलं न्हाई ते."

"ते कागदाला लागत न्हाई, अक्का. ते वहिनीला सांगा."

वहिनी माहेरी गेली नाही. आम्ही दोघी एका घरात राहिलो, पण ते सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जमादारांची परळीकडं बदली झाली. वहिनीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. "ताई, त्यांना द्या. दोन शब्द बोला तरी." मी फाट्यावर गेले. ते एसटीच्या खिडकीशी बसले होते. वाटेत जुळवलेलं सगळं मी विसरले.

"जेवलात का?" एवढंच विचारलं.

"जेवलो की."

एसटी निघाली, लहान होत गेली आणि उन्हाच्या झळांत विरघळली. त्यानंतर ते गावात कुणाला दिसले नाहीत.

घरी आले तेव्हा भाकरीचं फडकं माझ्या हातातच होतं. वहिनीनं ते पाहिलं. एकच ताट घेतलं आणि फडकं सोडून भाकरी दोघींत वाढली. पहिला घास मोडता मोडता मी तिला सांगितलं, त्याला डॉक्टरकडं न्हेऊ दिलं न्हाई ते चुकलं माझं.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "जेवा आता."