पाय धुण्याचा गुरुवार

"दीदी, तुम्ही मागच्या नळावर जाऊन पाय धुऊन या. साबण ठेवलाय तिथं."

पास्टरची बायको म्हणाली आणि मी गेलेसुद्धा. पवित्र गुरुवार होता. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी आमचा पास्टर मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतो. त्या वर्षी बारा जणांत मी होते. चर्च शहरातल्या चौबे कॉलोनीत, मी राहते उरल्यात, कारखान्यांच्या वस्तीत, नवरा तिथल्याच रोलिंग मिलमध्ये. रस्त्याची धूळ बसली असेल पायांवर, म्हणून सांगितलं, असं मी मनाला समजावलं. पण नळावर मी एकटीच होते. बाकीचे चपला काढून सरळ खुर्च्यांवर बसले होते.

माझ्या आधी डॉक्टरीणबाई. पास्टरनं त्यांचे पाय हातात घेतले, धुतले, पुसले. मग माझ्यापुढं आला. वरून पाणी ओतलं, टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला आणि पुढं सरकला. बोटही लावलं नाही. मीच माझे पाय पुसले.

याच माणसानं मला सांगितलं होतं, "बहीण, देवानं तुम्हाला वचन सांगण्यासाठी निवडलंय. ईस्टरनंतर तुम्ही मंडळीपुढं उभ्या राहाल." जन्मभर लोकांनीच मला कामं सांगितली. देवानं काम दिलंय, असं पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं. मी भाकरी थापताना बायबलमधली वचनं पाठ करायची. नवरा चिडवायचा, "पास्टरीणबाई, भाजी जळून राहिली." मला ते फार आवडायचं.

प्रार्थना संपल्यावर मी विचारलं, "पास्टरजी, माह्या पायाले हात काहून नाही लावला?"

तो हसला. "मनावर घेऊ नका. मंडळीतल्या लोकांना सांभाळावं लागतं. आणि मी प्रार्थना करून पाहिली. देवानं तुम्हाला पाचारण केलंय ते सेवेसाठी. चर्चची झाडझूड तुम्ही बघा."

झाडू माझ्या आजीच्याही हातात होता. तिला मागच्या जन्मीचं पाप म्हणून सांगितलं, मला देवाचा हेतू म्हणून. ये रे माझ्या मागल्या. बाहेरच्यांनी केलं असतं तर मी एवढी तुटले नसते. यानं बहीण म्हणून केसानं गळा कापला.

मग त्यानं तो घाण पाण्याचा टब माझ्याकडं सरकवला. "जाता जाता एवढं आवरून जा."

मी म्हटलं, "पाय तुमी धुतले. पाणीबी तुमीच फेका."

येशूला मी सोडलं नाही. का सोडू? त्यानं कुणाला नळावर पाठवलं नव्हतं. मी आता आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, माझ्याच खोलीत वचन सांगते. बाया कामावरून तशाच येतात. गुरुवारी त्यांचे पाय मी हातात घेऊन धुते, टाचांच्या भेगांतली मिलची काजळी निघेपर्यंत.

परवा पास्टरचा निरोप आला, "हे कुणाच्या परवानगीनं चाललंय?"

मी उलट निरोप पाठवला, "कुणाच्याच नाही. मागणारबी नाही."